कपाशी संपते कधी?

उन्हाळ्यात तालुक्यातालुक्याच्या बैठका सुरू झाल्या की भावाच्या, कर्जाच्या, विजेच्या प्रश्नांआधी एक प्रश्न हटकून येतो. यंदा कपाशीचे वाण कोणते घ्यायचे? उत्तर द्यायला माणसांची वाण नाही. कृषी केंद्राचा मालक देतो, कंपनीचा पोरगा मोटारसायकलवरून गावात येऊन देतो, एसटी स्टँडाच्या भिंतीवर रंगवलेले नारळाएवढे बोंड देते. गेल्या साली ज्याला एकरी बारा क्विंटल झाले अशी बोलवा आहे त्याच्या धुऱ्यावर तर जत्राच भरते. या साऱ्या उत्तरांत चर्चा दोनच गोष्टींची: बोंड केवढे आणि एकरी उतारा किती. कापूस घरी आला तो कोणत्या महिन्यात, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

कोरडवाहू कास्तकाराने वाणांची तुलना आता याच मापाने करावी, असे आमचे म्हणणे आहे. दिवाळीपर्यंत किती वेचला, नोव्हेंबर अखेर किती झाला, आणि त्यापुढे संक्रांतीपर्यंत झाडावर जे राहते ते किती, कसले, आणि ते घरी आणायला काय पडते. एकूण बेरीज सारखी असलेली दोन वाणे या मापाने मोजली तर एक तारते आणि दुसरे बुडवते, असा फरक निघू शकतो.

हिशेब जमिनीपासून सुरू करू. आपल्याकडचा पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाठ फिरवतो. त्यानंतर कपाशी जगते ती जमिनीच्या पोटात साठलेल्या पाण्यावर. मीटरभर खोल काळ्या कसदार जमिनीत पिकाच्या मुळांना ओढता येईल असे पाणी साधारण १५० ते २०० मिलीमीटर राहते. फूट-दीड फुटावर मुरूम लागणाऱ्या हलक्या रानात ५० मिलीमीटर राहिले तरी पुष्कळ. ऑक्टोबरच्या उन्हात भरात असलेली कपाशी दिवसाला चार मिलीमीटर पाणी पिते असे धरा. हलक्या रानातले पाणी बारा-तेरा दिवसांत आटले. झाड काटकसर करते, पाने पाडते, म्हणून आणखी आठवडाभर ढकलते. पण कोजागिरी ते दिवाळीच्या दरम्यान त्याचा कारभार आटोपतो. भारी जमीन मात्र नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत साथ देते.

आता झाडाचे वेळापत्रक पाहा. २० जूनला पेरा झाला तर पहिले फूल ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागते. फुलापासून बोंड फुटायला ४५ ते ५० दिवस लागतात, थंडी पडली की ६० सुद्धा. म्हणजे १० सप्टेंबरचे फूल ऑक्टोबरच्या शेवटी कापूस देते. १० ऑक्टोबरच्या फुलाचा कापूस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यायचा. हलक्या रानात त्या फुलाला पाणी पाजणार कोण? रात्रीचा गारवा वाढतो, नत्र संपलेले असते, झाड लाल पडते. आपण त्याला लाल्या म्हणतो आणि औषधाच्या दुकानाकडे धावतो. अनेक शेतांत तो लाल्या म्हणजे दुसरे काही नसते. १८० दिवसांचे झाड १३० दिवसांच्या पाण्यावर उभे केल्याची ती पावती असते.

मग असे लांबणारे झाड आपल्या रानात आले कुठून? आपल्या आजोबांच्या कपाशा, वऱ्हाडातली रोझियम, मराठवाड्यातली गावरानी, या पावसाच्या चालीने चालणाऱ्या होत्या. धागा आखूड, बोंड बारीक, पण पीक वेळेत आटोपायचे. १९७० साली सुरतेत डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा कापसाचा संकरित वाण काढला. व्यापारी लागवडीसाठी जगात निघालेला तो पहिला संकर. कर्तबगारी मोठी होती, यात वाद नाही. पण ते वाण गुजरातच्या पाण्याखालच्या शेतीच्या मापाचे, लांब मुदतीचे. पुढे नांदेडचा एनएचएच-४४ आला, अकोल्याचा पीकेव्ही हायब्रीड-२ आला, एलआरए-५१६६ सारखे सरळ वाण आले आणि कोरडवाहूला त्यांनी बरा आधार दिला. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि दहा वर्षांत कपाशीचे बहुतेक रान बीटीखाली गेले. हजारावर वाणे बाजारात आली. ती जवळपास सारी संकरित.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण हिच्यातच उशिराचे मूळ आहे. संकरित बियाणे दरवर्षी नवे विकत घ्यावे लागते आणि ते महाग असते. महाग म्हणून दाणा मोजून टोकायचा. तीन फूट बाय दोन फूट चौफुली केली तर एकरात ७,२६० झाडे बसतात. समजा एकरी सहा क्विंटल कापूस पाहिजे आणि एका बोंडात चार ग्रॅम निघतो. तर एकरात दीड लाख बोंडे हवीत, म्हणजे झाडामागे वीस-एकवीस. कपाशीची निम्म्याहून जास्त पाती-फुले-बोंडे गळतात हे आपल्याला ठाऊक आहेच. एकवीस बोंडे टिकवायची तर झाडाला पन्नास-साठ फुले लावावी लागतात. नवी फळफांदी साधारण तीन दिवसांनी फुटते, एकाच फांदीवरचे पुढचे फूल पाच-सहा दिवसांनी. एवढी फुले लागायला झाडाला दोन-अडीच महिने फुलत राहावे लागते, आणि कापूस निघायला पौष उजाडतो.

आता तेच रान तीन फूट बाय अर्धा फूट पेरा. झाडे झाली २९,०४०. तेवढ्याच कापसाला झाडामागे बोंडे लागतात पाच. पाच बोंडे झाड पहिल्या तीन-चार आठवड्यांच्या फुलोऱ्यात धरते आणि मोकळे होते. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, चीनमध्ये, ब्राझीलमध्ये असेच करतात. तिथे संकर नव्हे, सरळ वाण दाट पेरतात. त्यांचा एकरी उतारा आपल्यापुढे नाचवून "भारताचा शेतकरी मागास" म्हणणाऱ्या विद्वानांनी एवढे तरी सांगावे की तिथल्या शेतकऱ्याला सरळ वाणाचे बीटी बियाणे मिळत होते आणि आपल्याला मिळत नव्हते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने २०१२ पासून विदर्भात दाट लागवडीचे प्रयोग घेतले. सुरजसारखी सरळ वाणे त्यांत होती. प्रयोग झाले, शिवारफेऱ्या झाल्या, फोटो निघाले. पण पाकिटांच्या दुकानात ते बियाणे आले नाही, कारण ज्या बियाण्याची सरकी आपण घरी राखू शकतो ते विकण्यात कुणाला रस असणार?

लवकर येणारे ते सगळेच चांगले, असा याचा अर्थ कुणी काढू नये. आपल्याच ज्वारीने हा धडा दिला आहे. १९६४ साली सीएसएच-१ आली, पुढे सीएसएच-५, सीएसएच-९ आल्या. जुनी गावरान ज्वारी दिवस लहान झाल्याशिवाय निसवत नसे. पाऊस सरल्यावर तिचा दाणा भरायचा, म्हणून मोत्यासारखा निघायचा. संकरित ज्वारी शंभर-एकशे दहा दिवसांत तयार. उतारा दुप्पट-तिप्पट, पण कणीस पक्व होते तेव्हा डोक्यावर परतीचा पाऊस. दाण्याला बुरशी चढली, ज्वारी काळी पडली, आणि काळ्या ज्वारीला व्यापाऱ्याने मातीचा भाव दिला. कडबाही पूर्वीसारखा राहिला नाही. ज्वारी आम्ही पावसात आणून ठेवली आणि कपाशी पावसाच्या पार पलीकडे नेऊन ठेवली. दोन्ही पिकांत शास्त्राने उतारा वाढवला, यात खोटे नाही. पीक कधी संपावे याचा निर्णय मात्र कोरडवाहू शिवार पाहून झाला नाही.

कपाशीतही हा धोका आहे. खालची बोंडे सप्टेंबरच्या झडीत सडतात. ऑक्टोबरच्या आरंभीच सारे रान पांढरे झाले आणि वरून पाऊस आला, तर २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात महाराष्ट्राने पाहिले तसे होते. सरकी झाडावरच उगवते. म्हणून आम्हाला पाहिजे ते वाण असे की ज्याचा मुख्य बहर ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंतच्या कोरड्या, उन्हाच्या सहा आठवड्यांत फुटेल. एवढीच खिडकी आहे. तिच्या अलीकडे पाऊस, पलीकडे अळी.

पुणे जिल्ह्यातल्या मंचर-खेडकडचे बटाटेवाले या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे. ते बेणे घेताना पहिला प्रश्न दिवसांचाच करतात. कुफरी चंद्रमुखी ८०-९० दिवसांत काढणीला येते. महाराष्ट्राच्या पठारासाठी निघालेल्या वाणाच्या नावातच 'लवकर' आहे, कुफरी लवकर. कुफरी सिंदुरी रंगाने लाल, टिकायला बरी, पण मुदत ११०-१२० दिवसांची. ती गंगेच्या मैदानातल्या लांब थंडीत शोभते. आपल्याकडे फेब्रुवारीत रात्री तापू लागल्या की बटाटा पोसायचा थांबतो. उशिरा काढावा तर ढेकळांच्या भेगांतून पाकोळी आत शिरते आणि बटाटा वखारीत जाऊन किडतो. बटाट्याची पाकोळी आणि कपाशीची गुलाबी अळी, दोघींना उशिरापर्यंत उभे राहिलेले पीक आवडते. बटाटेवाला एका सालात शिकतो, कारण त्याचे बेणेच त्याच्या भांडवलाचा मोठा वाटा खाते. आपल्याला पंधरा वर्षे लागली.

आता प्रत्यक्ष वाणांकडे येऊ. कंपन्यांची नावे आम्ही घेणार नाही. ती दर दोन वर्षांनी बदलतात आणि जुनाच माल नव्या पाकिटात येतो. जातीची विभागणी पाहू.

देशी कपाशी: अकोल्याची एकेए-७, एकेए-८४०१, परभणीची पीए-२५५ आणि तिच्या बहिणी. मूळ खोल जाते, ताण सोसते, तुडतुडे-मावा तिला फारसे छळत नाहीत, म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन फवारण्या वाचतात. परभणीच्या वाणांनी देशीचा धागाही लांब केला आहे. बोंड लहान, दोन-अडीच ग्रॅमचे. उशिराच्या वेचणीच्या दृष्टीने हिचा एक दोष लक्षात ठेवला पाहिजे: बोंड फुटले की कापूस लोंबतो आणि वाऱ्याने खाली पडतो. अमेरिकन कपाशीसारखी ती आठ-पंधरा दिवस वाट पाहत नाही. मजूर मिळण्याची खात्री नसेल तर दहा एकर देशी लावू नये. घरच्या माणसांना झेपेल तेवढीच लावावी. बोंडअळीपासून जनुकाचे संरक्षण तिला नाही हेही खरे, पण वेळेत आटोपते म्हणून गुलाबीच्या बऱ्याच तडाख्यातून सुटते. हलक्या, मुरमाड रानात आमचा कौल हिला.

सरळ अमेरिकन वाणे: पीकेव्ही रजत, एकेएच-०८१, सुरज. झाड आटोपशीर, दाट पेरायला योग्य. एकेएच-०८१ लवकर येणारे, सुरजचा धागा चांगला आणि तुडतुड्यांना ते बऱ्यापैकी दाद देत नाही. यांतल्या काहींच्या बीटी आवृत्त्याही नागपूरच्या संस्थेने पुढे काढल्या. त्यांत जे जनुक आहे त्याला गुलाबी अळी जुमानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हिरव्या बोंडअळीला ते अजून उपयोगी आहे. गुलाबीपासून बचाव होतो तो जनुकाने नाही, तारखेने. मध्यम जमिनीत या वाणांची तुलना मोठ्या बोंडाच्या संकराशी करायची तर झाडाझाडाची करू नका. पाच बोंडांचे झाड वीस बोंडांच्या झाडाशेजारी दरिद्रीच दिसणार. एकराचा कापूस तोला, आणि तारीख लावून तोला.

संकरित बीटी: यांत लवकरचे आणि उशिराचे असे दोन्ही आहेत. फांद्या आखूड, बोंडे खोडाजवळ, झाड सरळ उभे, तर ते बहुधा लवकरचे. पसरट झाड, लांब गळफांद्या, मोठे बोंड, तर लांबणार असे समजावे. भारी जमीन आणि एक-दोन पाण्याची सोय असेल त्याने मोठ्या बोंडाचे वाण घ्यायला हरकत नाही. त्याच्या शेतात ते नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत निम्म्याहून बरेच जास्त देऊन टाकते. पाकिटावर दिवस छापलेले असतात, पण ते कोणत्या जमिनीत, किती पाण्यावर, पहिल्या वेचणीचे की शेवटच्या, हे छापत नाहीत. मुदत न सांगता कर्ज देणाऱ्या सावकाराला आपण दारात उभे करणार नाही. मुदत न सांगता विकलेल्या पाकिटाचे पैसे मात्र रोख मोजतो.

आता गुलाबी अळी. २००९-१० च्या सुमारास गुजरातेत ती पहिल्या बीटीला पचवू लागल्याचे दिसले. दोन जनुकांचे बीटी २००६ सालीच आले होते. २०१४-१५ पासून गुजरातेत तेही निकामी होऊ लागले आणि २०१७ साली महाराष्ट्रात काय झाले ते कुणाला सांगायला नको. यवतमाळ जिल्ह्यात त्याच साली फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली. या अळीची एक पिढी महिना-सव्वा महिन्याची. ऑगस्टमध्ये डोमकळ्यांत ती थोडी असते, ऑक्टोबरात जाणवू लागते, डिसेंबरात प्रत्येक हिरव्या बोंडात घर करते. दोन सरक्या एकत्र चिकटवून आत सुप्त झोपते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच राहते. झोपायला तिला जागा लागते ती उशिराच्या बोंडाची. आपण फरदड ठेवतो तेव्हा तिच्यासाठी बिछाना घालतो. धुऱ्यावर रचलेली पऱ्हाटी म्हणजे तिची दुसरी धर्मशाळा.

अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये ही अळी आपल्या कपाशीतून समूळ गेल्याचे जाहीर केले. बीटी होते, कामगंध होते, नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले. आणि त्यासोबत ठरलेल्या तारखेच्या आत पीक संपवून पऱ्हाट्या गाडण्याची सक्ती होती. ती सक्ती एकट्यादुकट्याला नव्हती, साऱ्या मुलखाला होती. आम्ही सक्तीचे भक्त नाही. पण अळी सातबारा वाचत नाही. एका धुऱ्याच्या आत नोव्हेंबरात कपाशी उपटली आणि दुसऱ्या धुऱ्याच्या आत फेब्रुवारीपर्यंत ओलित चालू राहिले, तर पहिल्याची मेहनत फुकट जाते. हा प्रश्न गावाने बसून सोडवायचा आहे.

कृषी खात्याची पत्रके दरवर्षी फरदड घेऊ नका म्हणून सांगतात. बरोबर सांगतात, पण ती वाचताना असे वाटते की शेतकरी हावरा आहे, त्याला समजत नाही. फरदड लोभातून येत नाही, नडीतून येते. दिवाळीच्या वेचणीचे पैसे कृषी केंद्राच्या उधारीत आणि बँकेच्या हप्त्यात जातात. हाती राहतो तो जानेवारीचा कापूस. त्यावर पोरांची फी, लग्नातला आहेर, म्हाताऱ्याचे ऑपरेशन. शिवाय ओळीत तूर उभी असते. तूर निघेपर्यंत कपाशी कशाला उपटायची, असा विचार होतो. आणि भावाचे काय? सगळ्यांचा माल नोव्हेंबरात येतो तेव्हाच बाजार पडतो. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये ठरला. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेर म्हणून आणि मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपल्या पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस घरात येण्याच्या काळात बाहेरच्या कापसाला दार मोकळे! लवकर संपणारे वाण लावा म्हणून सांगायचे, आणि लवकर आलेल्या मालाच्या वेळीच बाजार पाडायचा. ऑक्टोबरच्या कापसात ओल असते. १२ टक्क्यांवर ओल गेली की सरकारी खरेदी केंद्रावरून गाडी परत. मग शेतकरी थांबतो, आणि त्याला थांबायचे शिकवले कुणी?

तरीही फरदडीचा हिशेब एकदा कागदावर मांडाच. शेवटच्या वेचण्यांना बोंड अर्धवट उमललेले, कापूस चिकटलेला, टरफलाची टोके बोटांना टोचतात. भर वेचणीला एक बाई दिवसभरात वेचते त्याच्या निम्मासुद्धा तेव्हा निघत नाही. किलोमागे मजुरी वाढते, नाहीतर त्या बाईच्या पदरात कमी पडते. दोन्हीपैकी एक होतेच. घरच्या बाया वेचतात तेव्हा ती मजुरी आपण हिशेबात धरत नाही, म्हणून फरदड फायद्याची वाटते. माल निघतो तो कवडी, पिवळट, धागा कच्चा. हमीभावाच्या प्रतीत तो बसत नाही, व्यापारी सांगेल त्या भावाने द्यावा लागतो. दोन पाणी, एक-दोन फवारण्या यांचा खर्च वेगळा. तेच पाणी भारी रानात नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरलेल्या हरभऱ्याला दिले तर काय होते, हे प्रत्येकाने आपल्या विहिरीच्या पाण्यावरून ठरवावे. विहीर नसलेल्याला हा पर्याय नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण विहीर नसलेल्याची फरदडही नावापुरतीच असते. त्याने शेवटची वेचणी झाली की रानात जनावरे, मेंढरे सोडावीत. उरलेली हिरवी बोंडे ती खाऊन टाकतील आणि अळीही सोबत जाईल.

मागण्या आहेत त्या थोड्या आणि साध्या. कपाशीच्या प्रत्येक पाकिटावर छापावे: कोरडवाहू मध्यम जमिनीत पेऱ्यापासून किती दिवसांत एकूण कापसाचा तीन चतुर्थांश वेचून होतो. महाबीज आणि विद्यापीठांनी सरळ वाणांचे बियाणे पोत्याने विकावे, पाकिटाने नाही. खरेदी केंद्रे दिवाळीआधी उघडावीत, आणि वेचणीच्या महिन्यांत आयात शुल्काशी खेळ करू नये. जून २०१९ मध्ये अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेले बियाणे उघड पेरले, ते तंत्रज्ञान निवडण्याच्या हक्कासाठी. निवडायचे तर काय निवडतो आहोत त्याची माहितीही हक्कानेच मागितली पाहिजे.

सरकार छापेल तेव्हा छापेल. या खरिपात प्रत्येक गावातून निदान दोघांनी आपली तुलना आपण करावी. पेऱ्याआधी शेतात तीन जागी सब्बल मारून मुरूम किती खोल लागतो ते लिहून ठेवा. एकाच रानात तीन वाणे शेजारी-शेजारी लावा: एक देशी किंवा सरळ, एक लवकरचे संकरित, एक तुमचे नेहमीचे. प्रत्येकाची बारा-बारा तासे. पेरा एकाच दिवशी, खत एकाच मापाचे. सरळ वाण दाटच पेरा, विरळ पेरून त्याची फजिती करू नका. वेचताना कडेची दोन-दोन तासे सोडून मधल्या आठ तासांचा कापूस वेगळा तोला. प्रत्येक वेचणीची तारीख, वजन आणि वेचणाऱ्यांची संख्या वहीत मांडा. सप्टेंबरपासून दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडले तर ती तारीख लिहा. दर पंधरवड्याला प्रत्येक वाणाची वीस हिरवी बोंडे फोडून पाहा. दोनांत अळी निघाली तर फवारणीचा विचार करायची वेळ झाली. भाव मिळेल तोही वेचणीप्रमाणे वेगळा टिपा, कारण जानेवारीचा क्विंटल आणि नोव्हेंबरचा क्विंटल एकाच रकान्यात घालून सारी फसवणूक होते.

कपाशी उपटली त्या दिवशी वही बंद करा. फेब्रुवारीच्या जिल्हा बैठकीला येताना ती सोबत आणा. त्या दिवशी सकाळचे सत्र भाषणांचे नसेल. हलकी, मध्यम, भारी अशा तीन गटांत बसून वह्यांची बेरीज करायची आहे, आणि त्या बेरजेवरून पुढच्या हंगामाची वाणे ठरवायची आहेत. ज्या गावांनी डिसेंबरअखेर शिवार मोकळे करण्याचा ठराव केला असेल त्यांनी ठरावाची नक्कलही आणावी. किती घरांनी पाळला आणि किती घरांना का पाळता आला नाही, हे तोंडी सांगायला त्या गावचा एक माणूस आणि एक बाई यावी.